गोळीबार झाला की पहिला संशय मनोरुग्णांवर का?

प्रार्थनास्थळात, बाजारात किंवा सभेत कोणी गोळीबार केल्याची बातमी आली, की तासाभरात कोणीतरी म्हणतेच, "डोकं फिरलेलं असणार." बोलणारा सहज बोलून जातो. पण ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनियाचा किंवा बायपोलर आजाराचा रुग्ण आहे, त्यांना ते वाक्य लागते. अशा बातमीनंतरच्या आठवड्यात ओपीडीत एखादी आई हळू आवाजात विचारते, "डॉक्टर, आमचा मुलगा असं काही करणार नाही ना?" तिला उत्तर द्यायचे, तर आधी ही बातमी नीट समजून घ्यायला हवी.

३ ऑगस्ट २०१९ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील एल पासो येथे एका मोठ्या दुकानात गोळीबार झाला. त्यात २३ जणांचा मृत्यू झाला. हल्ल्यापूर्वी हल्लेखोराने मेक्सिकन स्थलांतरितांविरुद्ध द्वेषाने भरलेला मजकूर इंटरनेटवर टाकला होता. म्हणजे हेतू त्याने स्वतःच सांगितला होता. तरीही दोन दिवसांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी केलेल्या भाषणाचा रोख असा होता, की चाप मानसिक आजार आणि द्वेष ओढतात, बंदूक नाही. यातला द्वेष बरोबर आहे. मानसिक आजार मात्र निदानाशिवाय आत शिरला. राजकीयदृष्ट्या ते सोयीचे असते. दोष आजारावर गेला, की बंदुकीवर बोलावे लागत नाही आणि द्वेष पसरवणाऱ्यांवरही नाही.

एकच माणूस, दोन अहवाल

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार नॉर्वेतील न्यायालयाला करावा लागला. २२ जुलै २०११ रोजी आंद्रेस ब्रेविक याने ओस्लोत बॉम्बस्फोट घडवला आणि नंतर उतोया बेटावर युवक शिबिरातील मुलांवर गोळ्या झाडल्या. एकूण ७७ जण मारले गेले. युरोपातील मुस्लिम आणि त्यांना येऊ देणारा सत्ताधारी पक्ष, हे त्याचे शत्रू होते.

न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या दोन मनोविकारतज्ज्ञांनी त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असल्याचे सांगितले. तो स्वतःला एका गुप्त लढवय्या संघटनेचा सरदार समजत होता, विचित्र शब्द वापरत होता. त्यांना हे भ्रम वाटले. देशभर वाद झाला. मग नेमलेल्या दुसऱ्या दोन तज्ज्ञांनी उलट निष्कर्ष काढला: व्यक्तिमत्त्वात गंभीर दोष आहेत, पण हा माणूस वास्तवापासून तुटलेला नाही. २४ ऑगस्ट २०१२ रोजी न्यायालयाने दुसरे मत स्वीकारले आणि त्याला २१ वर्षांची, पुढे वाढवता येईल अशी कैद दिली. गंमत म्हणजे, खुद्द ब्रेविकलाच वेडा ठरायचे नव्हते. वेडा ठरला असता, तर त्याच्या 'विचारां'ची किंमत शून्य झाली असती.

आमच्या शास्त्राच्या दृष्टीने यातला मुद्दा महत्त्वाचा आहे. स्किझोफ्रेनियातील भ्रम बहुधा त्या माणसापुरता असतो. शेजारी आपल्या डोक्यात विचार घालतात, टीव्हीवरचा निवेदक आपल्याशीच बोलतो, असे त्याला वाटते. त्याच्याशी सहमत होणारा गट नसतो. ब्रेविकच्या कल्पना कितीही भयंकर असल्या, तरी तशाच कल्पना मानणारे इतर लोक होते, त्यांचे लिखाण होते, वेबसाइट होत्या. न्यायालयाने हेच लक्षात घेतले. दुसऱ्यांकडून घेतलेला, वाचून-ऐकून पोसलेला आणि गटात कौतुक मिळवणारा टोकाचा विचार म्हणजे भ्रम नव्हे. त्यावर गोळी-औषध नाही. आणि बंदुकीचे म्हणाल, तर त्याच्याकडची दोन्ही शस्त्रे परवान्याची होती. रायफल शिकारीच्या नावाखाली घेतलेली, पिस्तूल नेमबाजी क्लबच्या सदस्यत्वावर.

आपल्याकडेही हे पाहिले आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ते स्वतः एमबीबीएस डॉक्टर होते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली. या खटल्याची चर्चा कटाची आणि विचारांची झाली, आजाराची नव्हे.

आजार खरोखर असतो तेव्हा

कधीच नसतो, असे म्हणणे खोटे ठरेल. ८ जानेवारी २०११ रोजी अमेरिकेतील टूसॉन शहरात खासदार गॅबी गिफर्ड्स यांच्या सभेत गोळीबार होऊन सहा जण मेले. हल्लेखोराला स्किझोफ्रेनिया होता. कॉलेजने काही महिने आधी त्याला निलंबित केले होते आणि मानसिक आरोग्याचा दाखला आणल्याशिवाय परत येऊ नको, असे कळवले होते. तो दाखला आला नाही. पण दुकानात जाऊन त्याने रीतसर पिस्तूल विकत घेतले, कारण अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार न्यायालयाने अक्षम ठरवलेल्या किंवा सक्तीने रुग्णालयात ठेवलेल्या माणसालाच बंदी लागू होते. उपचारच न मिळालेला माणूस त्या चाळणीतून सरळ पलीकडे जातो.

म्हणून त्या आईला मी सांगतो ते असे. गंभीर मानसिक आजारात हिंसेचा धोका थोडा वाढतो, तोही मुख्यतः उपचार बंद असताना आणि दारू-गांजाची जोड असताना. अमेरिकेतील अभ्यासांनुसार समाजातील एकूण हिंसेपैकी साधारण ४ टक्केच हिंसा अशा आजारांशी जोडता येते. हे रुग्ण मारणाऱ्यांपेक्षा मार खाणाऱ्यांत जास्त सापडतात. तुमचा मुलगा गोळ्या वेळेवर घेतो, झोपतो, तपासणीला येतो. त्याच्याकडे बातमीच्या नजरेने पाहू नका. या भीतीपोटी आजार लपवला आणि औषध सुटले, तर खरा त्रास तिथून सुरू होतो.

बंदूक आणि मन यांचे खरे नाते

ते आत्महत्येत आहे, आणि त्यावर फार कमी बोलले जाते. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. आत्महत्येची तीव्र लहर अनेकदा काही मिनिटांची किंवा तासांची असते. त्या वेळी हाताशी काय आहे, यावर जीव अवलंबून असतो. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी जवळजवळ नऊ जीवघेणे ठरतात. गोळ्या जास्त घेतलेले बहुसंख्य लोक वाचतात, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत.

अमेरिकेत वीसहून अधिक राज्यांत आता असा कायदा आहे, की एखाद्याकडून स्वतःला किंवा इतरांना धोका दिसला, तर न्यायालय त्याची शस्त्रे काही काळ काढून घेऊ शकते. यात आजाराचे नाव बघत नाहीत, वागणे बघतात: धमक्या, मारहाण, आत्महत्येची भाषा. मला हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे शस्त्र परवान्याच्या अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. पण दहा मिनिटांच्या तपासणीत कोणाच्या मनात काय द्वेष आहे, हे मला दिसत नाही. रक्तदाब दिसतो.

तुमची मुले अमेरिकेत असतील आणि घरात बंदूक असेल, तर ती रिकामी करून कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवायला सांगा. घरातले कोणी निराशेत असेल, तर ती काही दिवस घराबाहेरच हलवलेली बरी. तिथे संकटात ९८८ हा क्रमांक आहे. आपल्या गावात बंदुकीची जागा कीटकनाशकाचा डबा घेतो. तोही कुलपात हवा, आणि किल्ली त्या माणसाकडे नको.

घरातले कोणी "मी नसलो तर बरं" असे बोलू लागले, वस्तू वाटून टाकू लागले, झोप उडाली, किंवा कोणाला मारण्याची उघड भाषा करू लागले, तर वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. त्यांना किंवा जवळच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.