नंबर कोणी दिला?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी वाचन यथातथाच. ते थोडंफार सुधारलं ते सकाळच्या पेपरमधून पडणाऱ्या पॅम्फ्लेट्समुळे, असं म्हटलं तर हसू नका! जूनमध्ये क्लासेस, दिवाळीआधी फर्निचरचे सेल, आणि एन.ए. प्लॉट तर बारा महिने. म्हसरूळ असो की पाथर्डी फाटा. ॲमस्टरडॅममध्ये 2018 पासून दारावर 'हो'चा स्टिकर असेल तरच जाहिरातीची पत्रकं टाकतात म्हणे. आपल्याकडे तशी सोय नाही, पण कागद निदान रद्दीत तरी जातो.

फोनचं तसं नाही. दुपारी घरी आजी एकटी असते. फोन वाजला की नातीचा असेल म्हणून हातातलं काम टाकून धावायची. पलीकडे कोण? लोन, पॉलिसी, नाहीतर डायरेक्ट सेकंड इयर ॲडमिशन! आता तिने ठरवून टाकलंय, अनोळखी नंबर उचलायचाच नाही. ठीक आहे. पण उद्या माझा मोबाईल बंद पडला आणि मी रूममेटच्या फोनवरून लावला तर?

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. ट्रायची 'डू नॉट कॉल' यादी 2007 साली सुरू झाली, 2018 मध्ये नियम कडक झाले. 1909 वर फोन किंवा एसएमएस करून सगळ्या जाहिराती बंद करता येतात. नोंदणी केलेल्या कंपन्यांचे जाहिरातीचे कॉल 140 ने सुरू होतात आणि बँकांच्या कामाच्या कॉलसाठी 1600 ठेवलाय. घरच्यांना एवढं शिकवायला पाच मिनिटं पुरतात. पण प्लॉटवाला एजंट साध्या मोबाईलवरूनच फोन करतो, तो कुठल्या यादीत सापडणार? त्याच्यासाठी तक्रार हाच उपाय. 2025 च्या दुरुस्तीनंतर तक्रारीला 3 ऐवजी 7 दिवस मिळतात, आणि अशा बिननोंदणीच्या नंबरविरुद्ध तक्रार करायला आधी डीएनडी घेतलेलं असावं लागत नाही. होस्टेलवर किती जणांना हे माहीत आहे?

आता खरा मुद्दा. आजीचा नंबर त्यांना मिळतो कुठून? मॉलमधल्या लकी ड्रॉच्या डब्यातून, क्लासच्या 'फ्री स्कॉलरशिप टेस्ट'मधून... आणि (रागावू नका) कॉलेजांच्या टेक फेस्टमधूनही! रोबो रेसच्या फॉर्मवर 'पालकांचा मोबाईल' हा रकाना कशाला? रोबो काय बाबा चालवणार आहेत? स्पॉन्सरला बॅनर कमी आणि 'डेटाबेस' जास्त हवा असतो, हे कमिटीत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. यादी दिली नाही तर पैसे कमी मिळतील, बक्षिसं कुठून द्यायची, असं ट्रेझरर म्हणतात. त्यांचंही खोटं नाही. पण आपल्या आई-बाबांचे नंबर देऊन फेस्टचे टी-शर्ट छापायचे, हा सौदा मला तरी पटत नाही. संसदेने 2023 मध्ये डेटा संरक्षणाचा जो कायदा केला, त्याचंही तत्त्व हेच आहे: माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरायची.

म्हणून यंदाच्या कमिटीला एवढंच सांगणं, तो रकाना काढून टाका. स्पॉन्सरला स्टॉल द्या, स्टेजवरून दहा वेळा नाव घ्या. आणि सरांना विनंती की सही करण्याआधी स्पॉन्सरशिपच्या पत्रात खाली बारीक अक्षरात 'पार्टिसिपंट्सची यादी' असं कुठे लिहिलंय का, ते एकदा बघावं.