खालिद जमील आणि आपली पोरं

खेळाडू म्हणून खालिद जमील यांचं नाव फार मोठं झालं नाही. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी. त्यात दुखापतींनी गाठलं. २००९ मध्ये ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. २०१७ मध्ये त्यांनी छोट्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाची सूत्रं हाती घेतली. ओमानला हरवून संघ काफा स्पर्धेत तिसरा आला. पुढे सिंगापूर आणि बांगलादेशकडून हरलाही.

जिंकल्यावर ‘आपला माणूस’ म्हणून मिरवायचं आणि हरल्यावर कुणी त्याचा धर्म काढायचा, दोन्ही चूकच. हिशेब कामाचा व्हावा. नंदनवनातल्या पोरांना मात्र एवढं जरूर सांगा: पाय थकले तरी फुटबॉल संपत नाही. प्रशिक्षकाचा परवाना काढा. तीही इज्जतीची रोजी आहे.