छोटा धक्का, मोठा हिशोब

गेल्या महिन्यात गाडी मागे घेताना फाटकाला धडकली आणि आमच्या गाडीचा प्लास्टिकचा बंपर फुटला. नवा चार हजारांचा. गॅरेजवाले चाचा म्हणाले, "सर, इन्शुरन्स आहे ना? क्लेम टाका. दाराला आलेला जुना पोचाही त्यातच दाखवू."

घरी आल्यावर मुलीला म्हटले, "शेकडेवारी शिकलीस ना? मांड हिशोब." आमची पॉलिसी साधी, झिरो डेप नसलेली. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो, राहिले २,०००. आमच्या १५०० सीसीच्या आतल्या गाडीला सक्तीची कपात १,००० रुपये. हाती येणार उरलेले १,०००.

आता दुसरी बाजू. क्लेम न घेतल्यास वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. आमचे हे चौथे वर्ष. गाडीच्या नुकसानीचा हप्ता ८,००० धरला, तर पुढच्या वेळची सूट ३,६०० रुपये. एक क्लेम घेतला की ती शून्यावर येते, पुन्हा २० पासून सुरुवात. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर ही सूट नसतेच.

"अब्बा, हजारासाठी छत्तीसशे घालवायचे?"

बंपर आम्ही पदरच्या पैशाने बसवला. जुना पोचा दाखवणे तर सरळ खोटेपणा झाला असता.

नुकसान मोठे असेल तर क्लेम जरूर घ्या. तो आपला हक्क आहे. आणि कोणाला इजा झाली, तर वही मिटा. आधी जखमीला दवाखान्यात न्या, पोलिसांना आणि कंपनीला कळवा.