रात्रीच्या कामाची विजेरी

सध्यां बाजारांत विजेऱ्यांची इतकी रेलचेल झाली आहे कीं, घेणारा गोंधळून जावा यांत नवल नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांस हा प्रश्न पडला नाहीं. चूड पेटवावी किंवा कंदिलाची कांच पुसून वात वर करावी आणि वाटेस लागावें, एवढाच त्यांचा विचार. आतां जो तो खोक्यावरील आंकडा वाचतो आणि मोठा आंकडा म्हणजे उत्तम विजेरी, असें समजून पैसे मोजतो. आमच्या मतें ही समजूत चुकीची असून प्रसंगीं जिवावर बेतणारी आहे.

प्रथम आंकड्यांचा अर्थ पाहूं. ‘लूमेन’ म्हणजे विजेरींतून निघणारा एकंदर प्रकाश. तो किती दूर जाईल हें त्यावरून कळत नाहीं. दूर जाण्याचें अंतर निराळें छापलेलें असतें. पण रूढ मापनपद्धतीप्रमाणें तें अंतर म्हणजे जेथें प्रकाश ०.२५ लक्स, अर्थात् पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उरतो तें ठिकाण होय. खोक्यावर २०० मीटर लिहिलें असल्यास १०० मीटरवर त्याच्या चौपट, म्हणजे १ लक्स, प्रकाश मिळेल. तेवढ्यांत कोणी उभें आहे हें दिसेल. पुढें पडला आहे तो साप कीं दोरी, हें मात्र कळणार नाहीं.

आणि खरा प्रश्न तोच आहे. ज्या शेतकऱ्यास पंपासाठीं वीज रात्रीं मिळते, त्यास अंधारांत दारें धरावीं लागतात. मण्यार व घोणस याच वेळीं हिंडतात. त्यास शंभर मीटरवरचें झाड दिसून काय उपयोग? पायांपुढील दहा पावलें स्वच्छ दिसलीं पाहिजेत. यास्तव पसरट झोताची, मध्यम प्रकाशाची विजेरी घ्यावी. हातांत फावडें असल्यानें डोक्यास बांधावयाची विजेरी सोयीची खरी. परंतु तिचा प्रकाश डोळ्यांच्याच रेषेंत पडत असल्यानें सावल्या दिसत नाहींत व जमीन सपाट भासते. तोच प्रकाश कमरेच्या उंचीवरून टाकला असतां खड्डा, दगड व वेटोळें उठून दिसतें. म्हणून कामासाठीं डोक्यावर एक व चालण्यासाठीं हातांत एक, अशा दोन साध्या विजेऱ्या एका भारी विजेरीहून बऱ्या. गमबूट व काठी यांस मात्र विजेरी हा पर्याय नव्हे.

गळ टाकणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची विजेरी पाण्यांत पडणारच. तेव्हां ‘आयपीएक्स ७’ ही खूण पाहावी. अशी वस्तु १ मीटर पाण्यांत ३० मिनिटें टिकते. गळास आमिष लावण्यास मंद तांबडा दिवा पुरे. डोळे अंधारास सरावण्यास वीस-तीस मिनिटें लागतात, आणि पांढऱ्या झोतानें तो सराव क्षणांत मोडतो. सोबत्याकडे तोंड वळवितांना डोक्यावरील दिवा खालीं करावा, हा साधा शिष्टाचारही पाळावा.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. प्रकाश पाहण्यासाठीं आहे, दीन प्राण्यास दिपवून मारण्यासाठीं नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी केली, तरी ससा व भेकर यांच्यावर झोत टाकणारे अद्याप आढळतात. समुद्रांत प्रखर एलईडी दिव्यांनीं मासे जमवून धरण्यास केंद्र सरकारनें २०१७ सालीं मनाई केली, ती लहान होड्यांच्या कोळ्यांचें पोट व माशांची पैदास राखण्यासाठींच. पहिल्या पावसांत वलगणीचे मासे अंडीं घालण्यास वर चढतात. त्यांवर रात्रभर दिवे रोखणारा पुढील वर्षाचें ताट आजच रिकामें करितो.

शेवटीं पालकांस विनंति. महागडी विजेरी घेण्याआधीं काम कोणतें तें ठरवा. सहज मिळणाऱ्या सेलवर चालणारी घ्या, जादा सेल कोरडे ठेवा, फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हां भारित करूं नका. आणि मुलांनो, वडील रात्रीं शेतावर निघतांना विजेरी पेटते कीं नाहीं, हें पाहण्याचें काम तुमच्याकडे घ्या. घरांतील धाकट्यांस करतां येण्याजोगी याहून मोलाची सेवा थोडीच असेल.