परमुलखांतलें गवंडीकाम

आमच्या वहिनींचा नातू अमेरिकेंत शिकावयास आहे. गेल्या पंधरवड्यांत त्याचा फोन आला कीं, उन्हाळ्याच्या सुटींत तो घरीं येणार नाहीं. ग्वाटेमाला देशांत सहा आठवडे राहून सकाळीं गरिबांचीं घरें बांधणार व दुपारीं स्पॅनिश भाषा शिकणार. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, ज्यानें घरांत कधीं स्वतःचें ताट उचललें नाहीं, तो परमुलखांत विटा उचलणार!"

प्रश्न थट्टेवारी नेण्याचा नाहीं. ज्या वाचकांचीं मुलें परदेशीं शिकत आहेत, त्यांच्याहि घरीं तो आज ना उद्यां यावयाचा.

ग्वाटेमाला हा देश मेक्सिकोच्या दक्षिणेस आहे. ४ फेब्रुवारी १९७६ रोजीं पहाटे तीनच्या सुमारास तेथें भूकंप झाला आणि सुमारें २३,००० माणसें मेलीं. दहा लाखांवर लोक बेघर झाले. गरिबांच्या भिंती उन्हांत वाळविलेल्या कच्च्या विटांच्या, वर जड कौलें. भिंत सुटली कीं सारें छप्पर निजलेल्यांच्या अंगावर! पक्क्या घरांतले लोक बहुतेक बचावले. किल्लारीस १९९३ सालीं मातींत रचलेल्या दगडी भिंतींनीं आपणांस हाच धडा दिला. म्हणून आतां तेथें सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंतींत उभ्याआडव्या लोखंडी सळ्या बांधतात व वर हलके पत्रे घालतात. सळ्यांना तार आंवळणें, माल कालवणें, ठोकळे वाहणें हीं कामें विद्यार्थ्यास जमतील. ओळंबा धरावयाचा तो मात्र गवंड्यानेंच.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. विमानभाड्याच्या पैशांत तेथलाच गवंडी कित्येक दिवस कामास लागला असता व भिंत अधिक सरळ उठली असती. मग या खटाटोपास परोपकार कां म्हणावें? माझ्या मतें म्हणूंच नये. जाणाऱ्यानें शिष्य म्हणून जावें, दाता म्हणून नव्हे.

या प्रकारच्या सेवेचा एक जुना दाखला आपल्या देशांतला आहे. पिएर सेरेझोल या स्विस इंजिनिअरनें १९२० सालीं, पहिल्या महायुद्धांत उद्ध्वस्त झालेल्या व्हर्डनजवळच्या एका खेड्यांत निरनिराळ्या राष्ट्रांचे स्वयंसेवक जमवून घरें उभारावयास घेतलीं. कालच्या शत्रुपक्षाचे जर्मनहि त्यांत होते. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर तोच गृहस्थ पंचावन्नाव्या वर्षीं मुझफ्फरपूरकडे आला व खेडीं पुन्हां वसविण्याच्या कामीं स्वतः राबला. पुढें त्याचे कांहीं सोबतीहि आले.

आतां भाषेविषयीं. अँटिग्वा ही ग्वाटेमालाची जुनी राजधानी. १७७३ च्या भूकंपानंतर ती हलविली, पण पडक्या मठांचें तें गांव आज स्पॅनिशच्या शाळांकरितां ओळखलें जातें. एका विद्यार्थ्यापुढें एक शिक्षक बसतो, आणि राहणें एखाद्या कुटुंबांत. विसांव्या वर्षीं पुन्हां बाराखडी! घरची बाई चुका सुधारते, मुलें हंसतात. दातेपणाचा ताठा उतरविण्यास याहून चांगला उपाय मला ठाऊक नाहीं. शिवाय स्पॅनिश ही त्या भूमींत सोळाव्या शतकांत विजेत्यांच्या तरवारीबरोबर आलेली. खेड्यांतून माया कुळांतील २२ भाषा बोलल्या जातात, आणि ज्याचें घर बांधावयाचें तो घरधनीहि पुष्कळदां स्पॅनिश मागाहून शिकलेला असतो. दोघेहि परक्या भाषेंत अडखळत बोलूं लागले कीं निम्मी परकेपणाची भिंत आपोआप पडते.

म्हणून मीं नातवास सांगितलें कीं, क्रम बदल: पहिले तीन आठवडे नुसती भाषा, मग ठोकळे. संस्था निवडतांना घरधनी स्वतः राबतो कीं नाहीं, हेंहि विचार. १९७६ सालीं अमेरिकेंत निघालेली 'हॅबिटाट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था कुटुंबास घर फुकट देत नाहीं. त्याच्याकडून श्रम घेते व किंमत हप्त्यांनीं फेडून घेते. तें मला अधिक मानाचें वाटतें. त्यानें दोन्ही गोष्टी कबूल केल्या. क्रम बदलण्याची मात्र त्याला थोडी घाई नडली.

वहिनींचा प्रश्न निराळाच होता: तेथें जेवणार काय? मीं सांगितलें, मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून वाटतात, त्याच्या लहान भाकऱ्या थापतात, सोबत काळ्या घेवड्याची उसळ. भाकरी-उसळ ऐकून त्यांचा जीव भांड्यांत पडला. चुन्याची गोष्ट मात्र अजून पटलेली नाहीं. किती चुना घालतात, तें त्या घरच्या बाईंना नीट विचारून ये, असें त्यांनीं त्याला बजावलें आहे.