पेटी आली का?

सिनेमा उशिरा लागला, पुस्तक उशिरा मिळाले, खेळ उशिरा आला, ही दुःखे आपल्याकडे दुःखांच्या यादीत धरण्याची पद्धत नाही. नळाला पाणी उशिरा आले तर नगरपालिकेवर मोर्चा निघतो, एस.टी. उशिरा आली तर आगारप्रमुखाला जाब विचारला जातो. करमणूक उशिरा आली तर मात्र वडीलधारी मंडळी म्हणतात, 'थांबा की जरा, काय अडले आहे?' तसे पाहिले तर अडलेले काहीच नसते. पण कोणाला काय, केव्हा आणि कोणाच्या नंतर द्यायचे याचा हिशेब करमणुकीच्या धंद्यात जितका उघडा दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसतो. म्हणून आज या किरकोळ दुःखाविषयी थोडे गंभीरपणे बोलावेसे वाटते.

नंदुरबारच्या माझ्या पिढीला 'पेटी आली का?' या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पेटी म्हणजे चित्रपटाच्या रिळांची पत्र्याची पेटी. तीन तासांचा हिंदी चित्रपट म्हणजे हजार हजार फुटांची सोळा-सतरा रिळे. ती पेट्यांत भरून रेल्वेने नाहीतर एस.टी.च्या टपावरून गावोगाव फिरत. मुंबईत शुक्रवारी लागलेला चित्रपट आमच्याकडे यायला कधी आठवडे, कधी महिने लागत. तोवर वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून, रेडिओवरची गाणी ऐकून आणि सुरतेला जाऊन आलेल्या एखाद्या नशीबवानाकडून अर्धी गोष्ट वदवून घेऊन आम्ही दिवस काढत असू. शेवटी पेटी येई तेव्हा फितीवर इतके ओरखडे पडलेले असत की, पडद्यावर भर उन्हाळ्यात पाऊस पडतो आहे असे वाटे.

हे सारे आज आठवण्याचे कारण आमच्या घरातले नव्या पिढीचे भाचेबुवा. त्यांना जपानी व्हिडिओ गेमचे वेड आहे, आणि वेड आहे ते मारधाडीच्या खेळांचे नव्हे, गोष्टीच्या खेळांचे. या प्रकाराला 'रोल प्लेइंग गेम' म्हणतात. खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घ्यायची, सवंगडी जमवायचे, गावोगावच्या माणसांशी बोलायचे आणि चाळीस-पन्नास तास चालणारी एक दीर्घ कथा स्वतः पुढे न्यायची. एका अर्थाने ही खेळता येणारी कादंबरीच. या खेळांचे चाहते जगभर वर्षानुवर्षे चिडलेले का होते, हे भाच्याने मला समजावून सांगितले तेव्हा मला एकदम आमची पेटी आठवली.

तिसऱ्यानंतर थेट सातवा

'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ जपानमध्ये १९८६ साली आला आणि अमेरिकेत १९८९ साली पोहोचला. 'फायनल फॅन्टसी' या गाजलेल्या मालिकेची कथा तर याहून मजेदार. तिचा दुसरा आणि तिसरा भाग त्या काळी इंग्रजीत आलेच नाहीत. चौथा भाग १९९१ मध्ये अमेरिकेत गेला, पण तिथे त्याला 'दुसरा' असे नाव दिले गेले. पाचवा पुन्हा गाळला. सहावा १९९४ मध्ये 'तिसरा' म्हणून विकला गेला. मग १९९७ मध्ये सातवा भाग जगभर खऱ्या क्रमांकानिशी निघाला आणि अमेरिकेतली मुले बुचकळ्यात पडली, की तिसऱ्यानंतर सातवा आला कसा? युरोपातल्या मुलांचे हाल आणखी वाईट. 'क्रोनो ट्रिगर' हा १९९५ चा नामांकित खेळ त्यांच्या दुकानांत २००९ साली लागला.

याला काही रास्त कारणे होती. अशा खेळात संवादच संवाद असतात आणि भाषांतर म्हणजे एका जाडजूड ग्रंथाचे काम. त्यात जपानी लिपीत दोन-तीन अक्षरांत मावणारा शब्द इंग्रजीत लांबतो आणि त्या काळच्या कार्ट्रिजमध्ये जागा मोजकी. 'फायनल फॅन्टसी'च्या सहाव्या भागाचे भाषांतर टेड वूल्झी या गृहस्थाने सुमारे तीस दिवसांत पुरे केले, असे सांगितले जाते. तीस दिवसांत एवढे काम म्हणजे चेष्टा नव्हे. भाषांतराला वेळ लागतो हे कोणीही समंजस माणूस मान्य करील.

पण मग पुढचे उदाहरण पाहा. 'मदर' या मालिकेचा पहिला भाग जपानमध्ये १९८९ साली आला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९९० मध्ये पुरे तयार होते. ते विक्रीला आले २०१५ मध्ये! पंचवीस वर्षे ते भाषांतर कपाटात पडून राहिले. आणखी एक उदाहरण 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स'चे. जपानमध्ये तो जून २०१० मध्ये आला, इंग्रजी करून ऑगस्ट २०११ मध्ये युरोपात विकला गेला, आणि तरीही अमेरिकेत तो काढण्याची निन्टेन्डोच्या तिथल्या शाखेची तयारी दिसेना. भाषांतर झालेले, खेळ तयार, भाषाही तीच. मग अडले कुठे?

अडले होते हिशेबात. तिथे त्याला गिऱ्हाईक किती मिळेल याचा अंदाज वरच्या मंडळींनी आधीच बांधून टाकला होता. तेव्हा २०११ मध्ये चाहत्यांनी 'ऑपरेशन रेनफॉल' नावाची मोहीम उघडली, कंपनीला पत्रे धाडली आणि एका मोठ्या विक्रेत्याकडे त्या खेळाची आगाऊ मागणी इतकी नोंदवली की, न निघालेला खेळ विक्रीच्या यादीत पहिला आला. एप्रिल २०१२ मध्ये तो अमेरिकेत निघाला. मोहिमेतले उरलेले दोन खेळही पाठोपाठ आले.

उशीर अंतरामुळे होतो, असे आपण धरून चालतो. माझ्या मते अंतराचा वाटा त्यात थोडा असतो. आपण हिशेबाच्या वहीत कितव्या पानावर आहोत, यावर उशीर ठरतो.

भुसावळ ते नवापूर

आमच्या पेटीचेही हेच होते. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार आहे. मुंबईहून निघालेली वस्तू रात्रभरात येथे पोहोचू शकते. पण चित्रपट-व्यवसायाचा नकाशा वेगळा. त्या नकाशात खानदेश 'सी.पी.-बेरार' या टापूत पडतो आणि अमरावती, भुसावळ ही तिथली वितरणाची जुनी ठाणी. सुरत मात्र मुंबईच्या टापूत. आमच्या जिल्ह्यातल्या नवापूर रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. तिथल्या एकाच बाकावर शेजारी बसलेली दोन माणसे दोन राज्यांत असू शकतात. तेच बाक धंद्याच्या नकाशावर मांडले, तर चित्रपट एकाच्या टापूत आधी लागे आणि दुसऱ्याच्या टापूत मागून.

याचे अर्थशास्त्र सोपे होते. या शतकाच्या आरंभी चित्रपटाची एक प्रत काढायला साठ-सत्तर हजार रुपये लागत. म्हणून मोजक्याच प्रती काढायच्या, त्या आधी मोठ्या शहरांत झिजवायच्या, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला आणि सरतेशेवटी यात्रेतल्या तंबूत. धंदेवाल्यांनी गावांचे 'ए', 'बी' आणि 'सी' असे वर्गच पाडले होते. कधी उशीर हीच युक्ती असे. १९९४ मध्ये राजश्रीने 'हम आपके हैं कौन'च्या वेळी प्रती मोजक्या ठेवल्या, व्हिडिओचे हक्क रोखले, आणि लोक बैलगाड्या जुंपून शहरात यावेत तसे चित्रगृहांकडे आले. पण सगळ्यांनाच ही युक्ती साधत नाही. एरवी उशिराने फावत असे ते चोरट्या कॅसेटवाल्यांचे. चित्रगृहात पेटी यायच्या आत गल्लीतल्या व्हिडिओ पार्लरमध्ये तोच चित्रपट कुठूनतरी आलेला असे.

चित्र पालटले ते तंत्रामुळे. २००५ च्या सुमारास उपग्रहावरून चित्रपट थेट चित्रगृहात उतरवण्याची सोय झाली आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत रिळांची पेटी इतिहासजमा झाली. आता मुंबईत आणि नंदुरबारला एकाच शुक्रवारी चित्रपट लागू शकतो. व्हिडिओ गेमचेही तसेच झाले. 'फायनल फॅन्टसी'चा सोळावा भाग जून २०२३ मध्ये आणि 'मेटाफर' हा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये साऱ्या जगात एकाच दिवशी निघाला. भाच्याला आता पेटीची वाट पाहावी लागत नाही.

मग तक्रार कशाची?

तक्रार भाषेची. हे खेळ इंग्रजीत येतात, फ्रेंचमध्ये येतात, जर्मनमध्ये येतात, इटालियनमध्येही येतात. वर सांगितलेल्या दोन्ही खेळांत मराठी नाही आणि हिंदीही नाही. इटलीची लोकसंख्या सहा कोटींच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून अधिक होते. तेव्हा डोकी मोजून हा निर्णय होत नाही, हे उघड आहे. खिसे मोजले जातात. आपल्याकडे असे खेळ विकत घेऊन खेळणारे थोडे, आणि जे आहेत ते इंग्रजीवर भागवून घेतात. दुकानदाराला तरी कसे कळावे, की मराठीचे गिऱ्हाईक दाराशी उभे आहे?

इथे मला आपल्याच लोकांशी थोडे भांडायचे आहे. भारतातल्या चाहत्यांनी मागितले तेव्हा त्यांना मिळाले आहे. माकोतो शिनकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' हा जपानी चलच्चित्रपट भारतात लागावा म्हणून पन्नास हजारांहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. तो ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्याकडे लागला, अमेरिकेत सर्वत्र लागण्याच्या काही महिने आधी. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर'चा नवा चित्रपट भारतात आणि अमेरिकेत एकाच दिवशी लागला आणि आपल्याकडे तो हिंदी, तमिळ, तेलुगूतही होता. तमिळ आणि तेलुगू प्रेक्षक आपल्या भाषेतले तिकीट काढतात, म्हणून त्यांचे पान वहीत पुढे आले. मराठी माणूस हिंदीतले तिकीट काढतो आणि घरी येऊन मराठीच्या उपेक्षेवर बोलतो.

उलट्या बाजूचेही एक उदाहरण आहे. जपानच्या यूगो साको आणि आपल्या राम मोहन यांनी मिळून रामायणावर एक सुंदर चलच्चित्रपट केला. जानेवारी १९९३ मध्ये तो दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. मोठ्या प्रमाणावर देशातल्या चित्रगृहांत तो पोहोचला २४ जानेवारी २०२५ रोजी, हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत. रामाचे वनवासातले वास्तव्य आपण आपल्या नाशिकच्या पंचवटीत सांगतो. त्या रामाची गोष्ट चौदा वर्षांच्या दुपटीहून अधिक काळ वाट पाहून आली आणि तरी मराठीत आली नाही, याची कुठे फारशी चर्चाही झाल्याचे मला आठवत नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, याचा आनंद मलाही आहे. पण अभिजात भाषेतल्या मुलाला गोष्ट मात्र परक्या भाषेतच ऐकावी लागावी, हे काही शोभणारे नाही.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड मुद्दा. आमच्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे सत्तर टक्के लोक आदिवासी आहेत. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या भागांत भिली, पावरी बोलली जाते. सपाटीवर अहिराणी आणि गुजरी आहे. धडगावच्या डोंगरातले पोर शाळेत जाते तेव्हा त्याच्या हातातले मराठी पुस्तक त्याला तसेच असते, जसा भाच्याला तो इंग्रजी खेळ. अर्थ लावत लावत पुढे जायचे, आणि जे कळले नाही ते सोडून द्यायचे. भाच्याचा खेळ बुडाला तर एक संध्याकाळ बुडते. त्या पोराचे मात्र वर्ष बुडते. वाहरू सोनवणे यांच्यासारखा शहाद्याकडचा कवी भिलीतून लिहू लागला, ही त्या भाषांनी स्वतःहून पुढे टाकलेली पावले. आपण मराठीवाल्यांनी त्यांच्यासाठी किती टाकली?

जपानी कंपनीच्या वहीत मराठी मागच्या पानावर आहे, म्हणून आपण रागावतो. तो राग रास्तच आहे. पण आपल्याही घरात एक वही आहे आणि तिच्यात पावरी, भिली कितव्या पानावर आहेत हे आपण कधी उघडून पाहत नाही. अमेरिकेतल्या पोरांनी पत्रे लिहिली, आगाऊ पैसे भरले, मागणी नोंदवली, तेव्हा त्यांचे पान पुढे आले. मराठीसाठी आपणही तेच करावे. मराठीतून मागावे, मराठीत मिळाले तर दाम मोजून घ्यावे. आणि मागणाऱ्यांच्या रांगेत आपल्या मागे धडगावचे ते पोर उभे आहे, त्याला खांद्यावर घेऊन पुढे सरकावे. पेटी आली का, असे विचारण्याचा हक्क त्यालाही आहे.