कॉलेज घरी आले, पण घराचे काय?

आमच्या मोहाडी तालुक्यातल्या एका गावची मुलगी. बारावी झालेली. आई रोवणी-कापणीच्या मजुरीला जाते, वडील राईस मिलमध्ये हमाल. तिने घरबसल्या वेब डेव्हलपमेंट शिकायला घेतले. ऑनलाइन कॉलेज, सहा महिन्यांचा कोर्स, वर नोकरीची हमी. फोनवर गोड बोलणाऱ्या माणसाने फीचे हप्ते बांधून दिले. ते हप्ते म्हणजे वडिलांच्या नावावरचे कर्ज आहे, हे घरात तिसऱ्या महिन्यात कळले. त्या लबाडीवर वेगळे लिहिता येईल. आज लिहायचे आहे ते तिने आम्हाला विचारलेल्या प्रश्नावर. "दादा, व्हिडिओ समजते. पण मोबाईलवर लिवलेला कोड चालवून पाहाचा कसा?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. 'डिजिटल दरी' या विषयावर एम.ए.च्या पेपरात चार पाने लिहून आम्ही गुण मिळवलेले आहेत. त्या दरीत उभी असलेली मुलगी समोर आली तेव्हा आम्ही नुसती मान हलवली.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेबसाइट बनवायला शिकताना एका बाजूला कोड लिहायचा आणि दुसऱ्या बाजूला ब्राउझरमध्ये तो कसा दिसतो ते बघायचे. एक कंस सुटला की पान बिघडते. चूक कुठे आहे ते दाखवणारी साधने संगणकाच्या ब्राउझरमध्ये असतात, फोनच्या ब्राउझरमध्ये धड मिळत नाहीत. फोनवर कीबोर्ड उघडला की अर्धा पडदा त्यानेच झाकला जातो. एचटीएमएल कसेबसे जमते, पण पुढे जावास्क्रिप्ट, नोड, डेटाबेस, गिट आले की संगणकाशिवाय भागत नाही. म्हणजे हिने सायकल चालवण्याचे व्हिडिओ पाहिले, सायकलला हात लागलाच नाही. आणि कोर्सवाला म्हणतो, पोरगी मेहनत घेत नाही!

संगणक किती घरांत आहे? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत ग्रामीण भारतातल्या १०० घरांपैकी जेमतेम ४ घरांत संगणक निघाला, शहरांत २३ घरांत. या चार घरांत आपल्या वस्तीतले घर कोणते, ते आपापल्या गावात मोजून बघा.

आमचा मुद्दा असा आहे. साधे कॉलेज विद्यार्थ्याला फक्त व्याख्यान देत नाही. बाक देते, डोक्यावर पंखा देते, ग्रंथालय देते, प्रयोगशाळा देते, शेजारी बसून "हे असं कर" म्हणणारा मित्र देते, आणि घरकामातून सुटलेले पाच तास देते. ऑनलाइन कॉलेजने यातले व्याख्यान तेवढे ठेवले आणि बाकी सगळा खर्च विद्यार्थ्याच्या घरावर टाकला. ज्या घरात स्वतंत्र खोली आहे, टेबल आहे, वायफाय आहे, पुण्यात आयटीत असलेला मामा आहे, त्या घराला हा व्यवहार फायद्याचा. आपल्या घरात एक खोली, एक पंखा, एक फोन, आणि तो फोनही दिवसभर बापाच्या खिशात. रात्री दहाला फोन हातात येतो तेव्हा दिवसाचा दीड जीबी डेटा भावाच्या रीलमध्ये संपलेला असतो. मुलगी घरी आहे म्हणजे मोकळी आहे, असे आपणही धरून चालतो. कॉलेजला गेलेल्या पोरीला कोणी "भाकरी टाक" म्हणत नाही, ऑनलाइन शिकणाऱ्या पोरीला म्हणतात. हे मनुवाद्यांच्या घरातले नाही, जयभीमवाल्यांच्या घरातले सांगतो आहोत.

यावर ठरलेले उत्तर येते : बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत शिकले, रामजीबाबा त्यांना रात्री दोन वाजता उठवायचे. अगदी खरे आहे. पण गोष्ट तिथेच का थांबवता? १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियात पोहोचले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, आणि तिथे त्यांना ग्रंथालय मिळाले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा "मी दिव्याखाली शिकलो, तुम्हीही शिका" असे पोरांना सुनावले नाही. नोकरी करणाऱ्या मुलाला शिकता यावे म्हणून सकाळच्या वेळेत वर्ग ठेवले. गरीब विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो हे बघून त्यांनी कॉलेजची घडी बसवली. आज ऑनलाइनवाले म्हणतात, केव्हाही शिका, कुठेही शिका. आमच्या पोरीला 'केव्हाही' आणि 'कुठेही' याच दोन गोष्टी मिळत नाहीत.

आपल्यातले काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ऑनलाइन शिक्षण हा सरकारी कॉलेजे बंद पाडण्याचा डाव आहे, बहिष्कार घाला, म्हणतात. डाव असेलही. प्राध्यापकांच्या जागा भरायच्या नाहीत आणि पोर्टल उघडून द्यायचे, यात सरकारची सोय आहे हे आम्हालाही दिसते. तरी बहिष्कार आम्हाला मान्य नाही. आयआयटी मद्रासने २०२० पासून ऑनलाइन पदवी सुरू केली, तिला जेईई लागत नाही. त्या अभ्यासक्रमात वेब ॲप्लिकेशन बनवण्याचे विषय आहेत, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या गरीब विद्यार्थ्यांना फीत ७५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. मोहाडीच्या पोराला आयआयटीचे दार या बाजूने उघडत असेल तर ते आपणच का लावून घ्यायचे? रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांचे काय झाले ते आपण विसरलेलो नाही. वसतिगृहातला तो छळ ऑनलाइन वर्गात वाट्याला येत नाही, ही गोष्ट आम्ही लहान मानत नाही. (आडनाव मात्र तिथेही पडद्यावर दिसतेच.)

शिवाय हा विषय नुसता नोकरीचा नाही. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, कारण दुसऱ्यांच्या पत्रांत आपल्या बाजूला जागा नव्हती. आज आपली सगळी चळवळ फेसबुक-यूट्यूबच्या भाड्याच्या खोलीत राहते. पेज बंद झाले की दहा वर्षांचे लेखन गेले. स्वतःची वेबसाइट उभी करणारी, ती चालवणारी शंभर पोरे भंडारा जिल्ह्यात असावीत, असे आम्हाला वाटते. आमच्या मोहाडी-आंधळगावच्या कोसा विणणाऱ्याला विचारा, सूतही व्यापाऱ्याचे आणि बाजारही त्याचाच असला की हाती नुसती मजुरी कशी उरते.

म्हणून मागणी नेमकी करू या. वसतिगृहात जागा न मिळालेला अनुसूचित जातीचा किंवा नवबौद्ध विद्यार्थी नागपूर-पुण्यात राहून शिकला तर स्वाधार योजनेत त्याला वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मिळतात. ही योजना लढून टिकवायची आहेच. पण ती घर सोडून शहरात गेलेल्यासाठी आहे. घरीच राहून ऑनलाइन पदवी घेणाऱ्याला लॅपटॉप कोण देणार? महाज्योतीने जेईई-नीटची तयारी करणाऱ्या ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांना टॅब आणि दररोज ६ जीबी डेटा दिला. म्हणजे सरकारला हे जमते. मग बार्टीकडून आपल्या ऑनलाइन विद्यार्थ्यांसाठी हे का होऊ नये? समाजकल्याणच्या कार्यालयात निवेदन द्यायचे तर हे द्या.

आणि सरकारकडे बोट दाखवताना स्वतःकडेही बघा. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याने बाबासाहेबांना पाडले. आता १४ एप्रिलला आपण इतका मोठा डीजे लावतो की जणू ती चूक आवाजाने भरून निघणार आहे. एका रात्रीच्या डीजेच्या पैशात जुने, दुरुस्त केलेले दोन संगणक येतात. गावोगावी विहारे बांधली, संगमरवर लावला. वंदना झाली की कुलूप. दिवसभर त्या थंड, स्वच्छ, शांत खोलीत कोणी नसते, आणि शंभर पावलांवर एक मुलगी चुलीजवळ बसून फोनवर कंस शोधत असते.

तोवर एवढे करा. कोणत्याही ऑनलाइन कॉलेजला पैसे देण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत त्याचे नाव आणि तोच अभ्यासक्रम आहे का, ते तपासा. कर्जाच्या कागदावर वडिलांचा अंगठा घेऊ देऊ नका. शिकून बघायचे असेल तर 'स्वयम' पोर्टलवर शिकणे फुकट आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी तेवढी लागते. आणि एकट्याने शिकू नका, चौघे मिळून एकाच कोर्सला बसा.

त्या मुलीचे हप्ते अजून चालू आहेत. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर तिच्या गावच्या विहार समितीची बैठक आहे. आम्ही दोन विषय मांडणार आहोत : विहाराची एक चावी तिच्याकडे द्यावी, आणि या वर्षीच्या जयंतीच्या वर्गणीतून पहिला संगणक घ्यावा. दोन जणांचा विरोध आत्ताच कानावर आला आहे, पोरीच्या हाती चावी नको म्हणतात. बैठकीला आसपासच्या गावांतल्या तरुणांनी यावे.

जयभीम.